कोडिंगचा क्लास लावताय? जरा थांबा

सुट्टी जवळ आली की इनबॉक्समध्ये विचारणा सुरू होते, "लेकाला कोडिंगचा क्लास लावू का गं?" 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर जाहिरातींनी कहर केला होता. सहा-सात वर्षांच्या पोरांनी ॲप बनवून कोट्यधीशच व्हायचं, असा एकंदर सूर. ते खूळ बरंचसं ओसरलं, आईबापांची धास्ती मात्र तशीच आहे.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. तंत्रज्ञानाने मुलांची कल्पकता फुलते, पण यंत्राकडून काय करून घ्यायचं हे पोराने स्वतः ठरवलं तर. सीमोर पॅपर्ट या गणितज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1967 साली मुलांसाठी 'लोगो' ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली ती याच विचाराने, की मुलाने संगणकाला शिकवावं. आपल्या बहुतेक क्लासांत उलटी गंगा. सर एकेक पायरी सांगणार, पोरं गिरवणार, शेवटी सगळ्यांचा गेम सारखा आणि सगळ्यांना सर्टिफिकेट. ते स्टेटसला टाकलं की आपण खूश!

माझी भाची पाचवीत आहे. तिला मी 'स्क्रॅच' उघडून दिलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये आणलेलं, पूर्ण फुकट, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत प्रोग्रॅम करायचा. त्यातलं मांजर चालत कडेला गेलं, आपटून वळलं आणि डोकं खाली, पाय वर करून चालायला लागलं. स्क्रॅचमध्ये हे सगळ्यांचंच होतं. फिरण्याची पद्धत 'डावी-उजवी' केली की सरळ होतं. क्लासात सरांनी ते लगेच करायला लावलं असतं. ही मात्र खिदळायला लागली. "मावशी, अगं ही तर पाल आहे!"

मग मांजर गेलं, हाताने काढलेली पाल आली. वर छत, ट्यूबलाइट, भोवती किडे. चुकचुकण्याचा आवाज हिने स्वतःच्या तोंडाने काढून रेकॉर्ड केला. (तो ऐकून माझी आई खरंच वर बघायला लागली.) पुढे तिला वाटलं, ट्यूब बंद केली की किडे पळाले पाहिजेत. त्यासाठी 'जर-तर'चे ठोकळे लागतात, ते तिने खटपट करून शोधले. हेच क्लासात 'धडा चौथा, अटी' म्हणून आलं असतं तर जांभया दिल्या असत्या.

आपल्याकडे ही वाट नवी नाही बरं का. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबाग या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथे गावाला लागणाऱ्या वस्तू प्रत्यक्ष बनवत शिकली. पुढे एमआयटीच्या पुढाकारातली फॅब लॅबही, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे आली.

घरी करायचं तर जुना लॅपटॉप पुरतो. स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. मोबाइलचा पडदा मात्र त्याला पुरत नाही. शेजारी बसा, "हे काय करतंय?" विचारा, पण माउसला हात लावू नका. पहिले काही दिवस फार जड जातं, हात शिवशिवतात.

आणि क्लास लावायचाच असेल तर आधी सरांना मागच्या बॅचच्या पोरांचे गेम दाखवायला सांगा. सगळे सारखे निघाले तर फी भरू नका.