अपडेटनंतर सॉफ्टवेअर बंद पडतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

अपडेट झालं आणि सॉफ्टवेअर उघडताच बंद पडायला लागलं, की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत एक ठरलेला सल्ला येतो. शब्द बदलतात, गाभा तोच. दोष अपडेटचाच आहे. आधी रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या, जुन्या नोंदी पुसणारं साधन) चालवा. डीएलएल (प्रोग्रॅमला चालायला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही असं आलं तर ती नेटवरून उतरवून सिस्टीम३२ या विंडोजच्या फोल्डरमध्ये टाका. तरी नाही जमलं तर काढून पुन्हा टाका, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. आणि यापुढे अपडेट कायमचे बंद ठेवा.

माझ्या ओळखीच्या एक बाई घरून पुस्तकांची अक्षरजुळणी करतात, लिबरऑफिस या फुकट ऑफिस-संचातल्या रायटरमध्ये. मराठी शब्दतपासणी गावांच्या नावांखाली, आडनावांखाली, बोलीतल्या शब्दांखाली लाल रेघ मारते, म्हणून त्यांनी चार वर्षांत एकेक शब्द आपल्या कोशात घातला होता. एका अपडेटनंतर रायटर उघडताच मिटू लागलं. भाच्याने हा सल्ला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाळला. पुस्तकांच्या फायली पेनड्राइव्हवर होत्या, त्या शाबूत राहिल्या. शब्दकोश गेला. भाच्याला मी बोल लावणार नाही. मावशीचं काम अडू नये म्हणून पोराने रात्र जागून काढली. चूक सल्ल्यात आहे, म्हणून तो सल्लाच एकेक करून तपासतो.

पहिला मुद्दा, ‘दोष अपडेटचाच’. अपडेट आधी आणि बिघाड नंतर, एवढ्यावरून हे ठरत नाही. १३ जानेवारी २०२२ ला जगभर फायरफॉक्स हे ब्राउझर अडकून बसलं. लोकांनी नव्या आवृत्तीला दोष दिला, पण त्या दिवशी नवी आवृत्ती आलीच नव्हती. फायरफॉक्सच्या एचटीटीपी/३ (सर्व्हरशी बोलण्याची एक नवी पद्धत) हाताळणाऱ्या भागात आधीपासून एक चूक दडून होती. पलीकडच्या क्लाउड सर्व्हरच्या मांडणीत बदल झाला आणि ती उघडी पडली; प्रोग्रॅम एकाच फेऱ्यात फिरत राहिला. १९ जुलै २०२४ ला विमानतळांवर निळे पडदे दिसले आणि आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हाही ‘विंडोजच्या अपडेटने घात केला’ असंच पसरलं. प्रत्यक्षात ती क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक त्यात सापडले. अपडेट होतं खरं, पण लोक ज्याला दोष देत होते ते नव्हे.

घरच्या संगणकावर तर कारणं बहुधा मिसळलेली असतात. नव्या आवृत्तीशी न जुळणारं जुनं एक्स्टेन्शन (वरून जोडलेली सोय), ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र हाताळणारा प्रोग्रॅम), ब्राउझरमध्ये आपला भाग घुसवणारं अँटीव्हायरस, किंवा सेटिंगची बिघडलेली फाइल. यातलं कोणतं, ते अंदाजाने शोधावं लागत नाही, कारण विंडोज नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. दिवसांची पट्टी दिसते, बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. तिच्यावर टिचकी मारली की त्या दिवशी काय बंद पडलं आणि काय काय नवं बसलं, हे दोन्ही खाली येतं. पुष्कळदा तिथेच कळतं, की त्याच सकाळी ग्राफिक्स ड्रायव्हरही बदलला होता. आणखी खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्याच साधनात ‘अ‍ॅप्लिकेशन’ नोंदीत १००० क्रमांकाची घटना शोधा. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे कोणत्या भागात प्रोग्रॅम कोसळला, ते लिहिलेलं असतं. तिथे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस असं नाव आलं तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. ते विंडोजचे मूळ भाग आहेत. दुसऱ्याची चूक बऱ्याचदा त्यांच्या दारात उघडी पडते.

रजिस्ट्री क्लीनरबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलं आहे, की अशा साधनांच्या वापराला आमचा पाठिंबा नाही. रजिस्ट्रीत उरलेल्या चार जुन्या नोंदींमुळे रायटर कोसळत नाही, पण चुकीची एक नोंद पुसली तर चांगला चालणारा दुसरा प्रोग्रॅमही बंद पडतो. शिवाय ‘सफाई’च्या साधनावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच कुणीतरी घातक कोड घुसवला होता, आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली.

नेटवरून डीएलएल उतरवणं तर त्याहून वाईट. फाइल कुणाची, कोणत्या आवृत्तीची, आत काय भरलंय, काहीच माहीत नसतं, आणि ती आपण थेट सिस्टीमच्या पोटात ठेवतो. हरवलेली फाइल बहुतेक वेळा व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल या, अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या फायलींच्या संचातली असते. तो संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवर फुकट मिळतो.

आता फॉरमॅट. याच मुद्द्यावर लोक सर्वांत जास्त गमावतात, म्हणून इथे थोडं थांबतो. लिबरऑफिस काढून पुन्हा टाकलं तरी रायटर तसंच मिटतं, आणि मग माणूस हताश होऊन फॉरमॅटकडे वळतो. पण पुन्हा टाकून फरक का पडत नाही, हे सल्ला देणारा सांगत नाही. प्रोग्रॅम एकीकडे असतो आणि तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमची सेटिंग, शब्द आणि एक्स्टेन्शन, दुसरीकडे. सॉफ्टवेअर काढलं तरी प्रोफाइल जागेवरच राहतं, नवीन प्रत तेच बिघडलेलं प्रोफाइल उचलते आणि पुन्हा कोसळते. विंडोजवर ते तुमच्या खात्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, रोमिंगमध्ये, लिबरऑफिसच्या आत ‘४’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘युजर’ म्हणून असतं. (आवृत्ती पुढे गेली तरी हा आकडा ४ च राहिला आहे, त्यामुळे गोंधळू नका.) अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याची खूण आधी करावी लागते.

या ‘युजर’ फोल्डरची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या. त्यातल्या ‘वर्डबुक’मध्ये तुम्ही घातलेले शब्द असतात, ‘ऑटोकर’मध्ये आपोआप दुरुस्तीच्या जोड्या. मग स्टार्ट मेनूतून लिबरऑफिस सेफ मोडमध्ये उघडा. त्यात तात्पुरतं कोरं प्रोफाइल वापरलं जातं. तिथे ते नीट चाललं, तर बिघाड प्रोफाइलमध्ये किंवा त्यातल्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. त्याच खिडकीत फक्त एक्स्टेन्शन बंद करण्याचा, फक्त हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवणं) बंद करण्याचा पर्याय मिळतो. एका वेळी एकच बदला आणि पुन्हा उघडून पाहा. दोन्ही एकदम बदललं तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यातून काहीच साधलं नाही तर ‘युजर’चं नाव बदलून ‘युजर-जुनं’ करा. लिबरऑफिस नवं प्रोफाइल तयार करेल. त्यात जुन्यातून फक्त वर्डबुक आणि ऑटोकर परत आणा. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. वर्डसाठी हीच तपासणी कंट्रोल दाबून उघडलं की सुरू होते, फायरफॉक्ससाठी शिफ्ट दाबून.

त्या बाईंच्या संगणकावर नेमकं काय बिघडलं होतं, हे आता कधीच कळणार नाही. फॉरमॅटने शब्दकोशाबरोबर पुरावाही पुसला. क्राउडस्ट्राइकच्या वेळीसुद्धा, इतक्या मोठ्या गोंधळात, उपाय काय होता? विंडोजच्या सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढून टाकणं.

राहिला शेवटचा सल्ला, अपडेट कायमचे बंद. अपडेट चुकतात, हे मी नाकारत नाही. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट काही लोकांच्या फायलीच पुसत होतं. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. पण अपडेट न घेण्याची किंमत २०१७ ने दाखवली. वॉनाक्राय या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने वापरलेली विंडोजमधली भेग बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चला आली होती, हल्ला झाला १२ मे रोजी. ५९ दिवस हातात होते. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने न्हावा शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता, हेही सांगितलं पाहिजे. पण आत आल्यावर पसरायला त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच जुनी भेग होती.

म्हणून बंद नव्हे, थोडं थांबणं. पुस्तक छपाईला जायचंय त्या आठवड्यात विंडोजचं अपडेट ‘पॉज’ करा, काम संपलं की घ्या. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनेच खरोखर अडवलं असेल, तर प्रोफाइलची प्रत घेऊन त्या एकाच प्रोग्रॅमची मागची आवृत्ती टाका. लिबरऑफिसच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्याच संग्रहात ठेवलेल्या असतात. फायरफॉक्सच्या बाबतीत एक अडचण आहे: नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडायला नकार देते, म्हणून तिथे प्रत अपडेटच्या आधीची हवी. मग पुढची आवृत्ती आली, की तिच्यासोबतच्या दुरुस्त्यांच्या यादीत तुमचा बिघाड आहे का ते बघा, आणि असला तर लगेच ती घ्या.