किमतीला सीसीने भागून एटीव्ही निवडू नका

एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानात चालणारी, हँडल असलेली चारचाकी, घ्यायच्या विचारात असलेल्या माणसापर्यंत एक संदेश हमखास पोहोचतो. त्याचं सार असं: किमतीला सीसीने भागा, ज्या गाडीचं उत्तर सगळ्यात कमी येईल ती घ्या. इंजिन मोठं तितकी ओढ जास्त. फोर-व्हील ड्राइव्ह असली की पॉवर स्टीअरिंगवरचा खर्च वाया. इंजिनाची ताकद गिअरऐवजी रबरी बेल्टने चाकांकडे नेणाऱ्या, म्हणजे बेल्टवाल्या गाड्या टिकत नाहीत. सीट लांब असते, दोघं आरामात मावतात. आणि मुलांसाठी वेगळी छोटी कशाला, मोठीच घ्या, मुलं काय वाढतातच. सहाही मुद्दे इतक्या ठामपणे मांडलेले असतात की ते तपासून बघावेत असं कुणाला वाटत नाही.

आधी भागाकार. त्यासाठी सीसी माहीत हवेत, आणि गाडीच्या अंगावर रंगवलेला आकडा म्हणजे सीसी नव्हे. यामाहाच्या कोडियाक ४५० चं इंजिन ४२१ सीसीचं आहे. सीएफमोटोच्या सीफोर्स ६०० चं ५८०. पोलॅरिसची स्पोर्ट्समन ५७० त्यातल्या त्यात प्रामाणिक, ५६७. कॅन-ॲमने तर कमालच केली. २०२३ साली नव्याने आलेल्या आउटलँडर ५०० आणि ७०० या दोन्हींत इंजिन एकाच मापाचं, ६५० सीसीचं. ५०० मध्ये ते ४० अश्वशक्ती देतं, ७०० मध्ये ५०. आता करा भागाकार. नावातल्या आकड्याने केला तर एक उत्तर, खऱ्या सीसीने केला तर दुसरं, आणि दोन गाड्यांमधला १० अश्वशक्तींचा फरक दोन्ही उत्तरांत कुठेच दिसत नाही. शिवाय या किमतीत सस्पेन्शन, ब्रेक, डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा), सामानाचे रॅक, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) हे सगळंही आलेलं असतं. त्याला सीसीने भागून काय हाती लागणार?

मोठं इंजिन म्हणजे जास्त ओढ, हा मुद्दा सगळ्यात पटकन पटतो, म्हणून त्यावर जरा थांबू. कोडियाक ४५० आणि कोडियाक ७०० यांच्या माहितीपत्रकांत ओढण्याची मर्यादा सारखीच दिली आहे, सुमारे ६०० किलो. एकीचं इंजिन ४२१ सीसी, दुसरीचं ६८६. कारण साधं आहे. ट्रेलर हलवायला लागणारी ताकद लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी पण जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये, छोटं इंजिनही देतं. खरा प्रश्न तो थांबवण्याचा आणि उतारावर ताब्यात ठेवण्याचा असतो. तिथे चौकट, ट्रेलर जोडायचा हिच, ब्रेक आणि गाडीचं स्वतःचं वजन मर्यादा ठरवतं, सिलिंडरचं माप नव्हे. मोठ्या इंजिनाचा उपयोग नाही असं मुळीच नाही. खोल चिखल, भुसभुशीत वाळू, लांबलचक चढ किंवा वेगाची हौस असेल तर फरक लगेच कळतो. रॅकवरही थोडं जास्त सामान मावतं: ४५० वर पुढे ४० आणि मागे ८० किलो, ७०० वर ५० आणि ९०. पण तुमचं काम कुंपणाची पाहणी, चाऱ्याच्या पेंढ्या आणि छोटा ट्रेलर एवढंच असेल, तर जास्तीच्या सीसीचे पैसे तुम्ही आधी शोरूममध्ये आणि नंतर पेट्रोलमध्ये मोजता. वर, जड गाडी चिखलात रुतली की ती बाहेर काढायला माणसंही जास्त लागतात. हा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो!

ओढायचंच काम जास्त असेल तर इंजिनापेक्षा मागचा ॲक्सल बघा. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या सरळ अखंड ॲक्सलवर वजन टाकलं तरी गाडीचं बूड फारसं बसत नाही, आणि देखभालही कमी. प्रत्येक चाक वेगळं वरखाली होणाऱ्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे खडबडीत जमिनीवर अंग कमी खिळखिळं होतं आणि गाडीच्या मधोमध जमिनीपासूनची उंचीही जास्त मिळते. होंडा रँचर ४२० तर दोन्ही प्रकारांत बनत आली आहे. हा निर्णय सीसीच्या निर्णयापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

पॉवर स्टीअरिंगची चैन? फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणूनच तर ते लागतं. पुढच्या चाकांना ताकद मिळू लागली की हँडल जड होतं, आणि पुढचा डिफरन्शियल लॉक केला की ते वळवताना खांदे भरून येतात. दगडावर चाक आपटलं की बसणारा हिसकाही पॉवर स्टीअरिंग बऱ्यापैकी शोषून घेतं. सपाट रानात अर्धा तास फिरणाऱ्याने ते खुशाल टाळावं. दिवसभर गाडीवर असणाऱ्याने दुसरं काहीही कापावं, हे नको.

बेल्टबद्दलची भीती अर्धी खरी आहे. बेल्ट झिजतो, बदलावा लागतो. पण तो अकाली जळतो तो बहुतेक वेळा चालवणाऱ्यामुळे: भरलेला ट्रेलर हाय रेंजमध्ये अगदी हळू ओढत राहिलं, किंवा बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी शिरलेलं असताना तसंच रेटत राहिलं, की वास येणारच. जड कामाला लो रेंज टाकली की बेल्ट बराच टिकतो. यामाहाच्या रचनेत तर बेल्ट कायम ताणलेला राहतो आणि पकडण्या-सोडण्याचं काम वेगळा क्लच करतो. गिअरच हवे असतील तर होंडा आहेच. दोन्ही पद्धती वर्षानुवर्षं कष्टाच्या कामात टिकल्या आहेत.

आता सीट. इथे संदेश नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. एटीव्हीची सीट लांब असते ती चालवणाऱ्याने चढावर पुढे, उतारावर मागे आणि वळणावर बाजूला सरकावं म्हणून. या गाडीचा तोल चालवणाऱ्याच्या शरीरावर चालतो. मागे दुसरा बसला की ती जागा गेली, आणि चढावर वजन मागे गेल्याने गाडी पुढून उचलून अंगावर येऊ शकते. अमेरिकी मानकात एकट्यासाठीच्या आणि दोघांसाठीच्या एटीव्ही असे दोन वेगळे प्रकारच आहेत. दोघांच्या गाडीची लांबी, मागची सीट, पकडायचे दांडे, पाय ठेवायची जागा हे सगळं त्यासाठी आखलेलं असतं. दोघांनी फिरायचं असेल तर तशीच गाडी घ्या. ती महाग पडते, पडू द्या.

मुलांच्या मुद्द्यावर मला वाद घालायची इच्छाही नाही. १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. तो कुणाला कडक वाटला तरी निदान एवढं समजून घ्यावं की मोठ्यांच्या एटीव्हीचं वजन ३०० किलोच्या आसपास जातं. ती उलटली तर बारा वर्षांचं पोर ती स्वतःवरून ढकलू शकत नाही. कपडे वाढत्या मापाचे घ्यावेत, ही गाडी नव्हे.

संदेशात जे नाहीच ते विकत घेताना जास्त कामाचं. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन वस्तूंची किंमत आणि त्या किती दिवसांत मिळतील ते विचारा: बेल्ट, पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट, ब्रेक पॅड. उत्तर देताना तो चाचरला, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी ती पुढे अडणार आहे. पहिली सर्व्हिस लवकर येते, कारण सुरुवातीच्या तासांतच तेलात धातूचा चुरा उतरतो. ती कोण करणार आणि तिचे पैसे वेगळे आहेत का, तेही तेव्हाच ठरवून घ्या. आणि मागच्या वर्षीची न विकलेली गाडी सवलतीत मिळत असेल तर नाक मुरडू नका, अनेकदा फरक फक्त रंगपट्ट्यांचा असतो. वॉरंटी तुमच्या खरेदीच्या तारखेपासून धरली जाईल हे मात्र लेखी घ्या, आणि वर्षभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी बदलूनच मागा.