एक गोळी आणि ताईचे प्रश्न

पहाटे सव्वातीनला पोटात पहिली गुडगुड झाली तेव्हा मी कूस बदलून तिच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि पाच मिनिटांनी ज्या स्पीडने बाथरूमकडे धावलो तेवढ्या स्पीडने मी शाळेतल्या शर्यतीत धावलो असतो तर घरात एखादं मेडल असतं.

साडेपाचपर्यंत पाच फेऱ्या झाल्या. दहा वाजता ऑनलाइन प्रेझेंटेशन, तेही मीच देणार. कपाटात जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची स्ट्रिप सापडली, म्हटलं चला, सुटलो. दोन मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल घेतल्या, दहा मिनिटं वाट पाहिली, काहीच फरक नाही, उलट सहावी फेरी. मग अजून दोन काढल्या. पण ताई फार्मसिस्ट आहे, म्हटलं आधी विचारावं.

झोपेतून उठवलं तरी ताईचा पहिला प्रश्न, "रक्त पडतंय का? आव? ताप आहे का?"

"नाही गं, नुसतं पाणी."

"मग चालेल. ताप नाहीतर रक्त असतं तर ही गोळी घ्यायची नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. आतडं घाण बाहेर ढकलत असतं आणि तू दाराला कडी लावून तिला आतच कोंडणार."

मग सव्वासहा वाजता, मी एक हात पोटावर ठेवून उभा असताना, तिने मला शिकवायला घेतलं. म्हणे ही गोळी जंतूबिंतू काही मारत नाही. आहे अफूच्या कुळातली, पण नेहमीच्या डोसमध्ये मेंदूत जवळजवळ पोचतच नाही, म्हणजे त्या कुळाची सगळी बदनामी आपल्या वाट्याला आणि नशा शून्य. आतड्याच्या भिंतीतल्या नसांवर बसून ती त्याची हालचाल मंद करते, मग आतला माल रेंगाळतो आणि आतड्याला पाणी शोषून घ्यायला वेळ मिळतो. खालचा दरवाजाही जरा घट्ट होतो. (हे शेवटचं ऐकून मला फार धीर आला.)

"आणि असर दिसायला तासभर तरी जातो रे गाढवा, दहा मिनिटांत काय दुसरा डोस? आता पातळ झालं तरच एक. आपल्या मनाने दिवसात चार कॅप्सूलच्या वर नाही, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर गोळी बंद आणि डॉक्टर. मूठभर गिळशील तर हृदयाचे ठोके बिघडतात, मस्करी नाही. आणि चिंटूला चुकूनही देऊ नकोस, लहान मुलांना ही चालत नाही." चिंटू माझा मुलगा, तो गाढ झोपला होता, एकटाच सुखी.

मी काढलेल्या दोन कॅप्सूल परत डबीत टाकल्या.

"ओआरएस घेतलंस का?"

घेतलं होतं, अख्खं पाकीट एका ग्लासात. ताईने कपाळावर मारलेला हात मला फोनवरून ऐकू आला. एक लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच, घट्ट केलं तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं. त्यातली साखर चवीला नाही म्हणे, ग्लुकोज आणि मीठ आतड्यातून जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. थोडक्यात गोळी नुसती ट्रॅफिक अडवते, खरं काम या बेचव पाण्याचं, आणि मी नेमकं तेच बिघडवलं होतं. मुकाट्याने बाटली मोजून नवीन बनवलं आणि घोट घोट पीत बसलो.

नऊपर्यंत पोट शांत. दहाला इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, कॅमेरा ऑन. तिसऱ्या स्लाइडवर फोन वाजला, गडबडीत कट करायला गेलो आणि लागला स्पीकर.

"लघवी झाली का? रंग कसाय? गडद असेल तर अजून पाणी पी!"

चौदा चौकटी, चौदा चेहरे, सगळे म्यूटवर. बऱ्याच वेळाने साहेबांनी स्वतःला अनम्यूट केलं आणि म्हणाले, "आपण पाच मिनिटांचा ब्रेक घेऊ या का?"