बेवारस रुबाईवर नाव कसं चढवावं

तुमच्या हाती एखादी फारसी रुबाई, म्हणजे चार ओळींची कविता, लागलीय आणि कवीचा पत्ता नाही? टेन्शन कसलं घेताय, विषय बघा आणि नाव ठोका. दारू, सुरई, कुंभार, उद्याचं कुणी बघितलंय, असलं काही असेल तर उमर खय्याम. सगळ्यांना जवळ घेणारं असेल तर रूमी. 'ये, ये, कुणीही असशील तरी ये' ही रुबाई जगभर रूमीची म्हणून फिरते, त्याच्या जुन्या भरवशाच्या हस्तलिखितांत ती नाही, उलट त्याच्या दोनेकशे वर्षं आधीच्या अबू सईद या सूफीच्या नावावर सापडते, आणि या अबू सईदने स्वतः जेमतेम एखाददुसरी रुबाई रचली असं त्याच्याच वंशजाने लिहून ठेवलंय, तरी शेकड्याने त्याच्या खात्यात जमा आहेत.

पण खरा माल खपतो तो खय्यामच्याच नावावर. हा गेला ११३१ च्या सुमाराला. फिट्झजेराल्ड या इंग्रज कवीने १८५९ मध्ये ज्या हस्तलिखितांवरून भाषांतर करून त्याला जगप्रसिद्ध केलं त्यातलं मुख्य हस्तलिखित १४६० च्या आसपासचं, म्हणजे मधे सव्वातीनशे वर्षं गेली, पण तुम्ही कशाला मोजताय? १८६७ मध्ये पॅरिसला निकोलाने ४६४ रुबाया छापल्या आणि १८९७ मध्ये झुकोव्स्की नावाच्या रशियन गृहस्थांनी त्यातल्या ८२ दुसऱ्या कवींच्या दिवाणांतून, म्हणजे काव्यसंग्रहांतून, काढून दाखवल्या. असल्या खडूस लोकांना चहालासुद्धा बोलावू नका.

जुना पुरावा मागितला कुणी, तर बनवून घ्या ना! १२०७ सालचं म्हणून २५२ रुबायांचं एक हस्तलिखित थेट केंब्रिजने विकत घेतलं, आर्बेरींसारख्या पंडिताने १९५२ मध्ये त्याचं भाषांतरही छापलं, आणि नंतर कळलं की ते ताजंच बनवलेलं आहे.

आणि बनवायचाही कंटाळा असेल तर नुसतं 'आमच्या घराण्यात आहे' म्हणा. १९६७ मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज आणि सूफी लेखक ओमर अली शाह यांनी खय्यामचं नवं भाषांतर छापताना हेच केलं. ११५३ चं हस्तलिखित, पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेलं, फिट्झजेराल्डला काही कळलंच नव्हतं वगैरे वगैरे. लोक म्हणाले दाखवा, ते कधीच कुणाला दिसलं नाही. मग अभ्यासकांनी ताडून बघितलं तर हा 'अस्सल' खय्याम हेरॉन-ॲलनच्या १८९९ च्या पुस्तकातून आलेला, आणि त्या पुस्तकात काय, तर फिट्झजेराल्डने कुठली ओळ कुठून घेतली याची जंत्री! ज्याला अडाणी ठरवायचं त्याच्याच ओळींच्या क्रमाने बाराव्या शतकातलं हस्तलिखित लिहिलेलं, एवढं डेरिंग पाहिजे.

हेही जमत नसेल तर फारसी कवी हाफिज आहेच. 'इतक्या काळानंतरही सूर्य पृथ्वीला म्हणत नाही की तू माझं देणं लागतेस', पाहिलंय ना हे? हाफिजच्या दिवाणात शोधत बसू नका, ते डॅनियल लॅडिन्स्की यांचं आहे, आपल्या नगरजवळ मेहेरबाबांच्या मंडळींत राहिलेले अमेरिकन कवी. त्यांच्या स्वप्नात म्हणे हाफिज आला आणि शेकडो ओळी चक्क इंग्रजीत गायला. चौदाव्या शतकातला शिराजचा माणूस इंग्रजीच्या क्लासला कुठे जायचा ते विचारू नका. आज जरा लवकर झोपा, आणि तुमच्या स्वप्नात आलाच तर आधीच सांगून ठेवा, बाबा रे, मराठीत म्हण, भाषांतराचे पैसे वाचतील.