डोळ्यांना दोष देण्याआधी सेटिंग उघडा

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "माणसाच्या डोळ्याला ६० हर्ट्झपुढचं दिसतच नाही. १४४चा मॉनिटर म्हणजे पैसे पाण्यात. मी स्वतः घेऊन पाहिला, काडीचा फरक नाही. ग्राफिक्स कार्ड १४४ फ्रेम देत नसेल तर तो तसाही निरुपयोगी. घेतलाच तर ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वर ठेवा." तो वाचून कोथरूडचा माझा मामेभाऊ नवाकोरा मॉनिटर परत करायला निघाला होता. वर्षभर शिकवण्या घेऊन त्याने ते पैसे साठवले होते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डोळ्यांचं. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, आणि फ्रेम म्हणजे एकेक चित्र. हा समज बहुधा सिनेमावरून आला असावा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर चालतो, मग डोळ्याला तेवढंच लागतं, असं लोक धरून चालतात. पण फिल्मच्या प्रोजेक्टरलाही लुकलुक टाळायला तीच फ्रेम दोन-तीनदा पडद्यावर पाडावी लागायची. आता गेममध्ये चेंडू १९२० पिक्सेलची स्क्रीन एका सेकंदात ओलांडतोय असं समजा. ६० हर्ट्झवर तो दर वेळी ३२ पिक्सेलची उडी मारतो, १४४ वर जेमतेम १३ची. एलसीडी पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं धरून ठेवतो, आपली नजर मात्र चेंडूबरोबर सरकत राहते. साधारण त्या उडीएवढाच चेंडू फराटल्यासारखा दिसतो. हा फरक बघायला गरुडाची नजर लागत नाही.

"मी घेऊन पाहिला" हे मात्र खरं असणार, असं मला वाटतं. त्या माणसाला फरक दिसला नाही कारण त्याचा मॉनिटर बहुधा ६० वरच चालत होता. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा ६० वरच सुरू होतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हे हर्ट्झ, स्वतः निवडावा लागतो.

मामेभावाकडे त्या यादीत १४४ नव्हतंच. मॉनिटर २५६०×१४४०चा, गेमची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड जुनं, एचडीएमआय १.४ आवृत्तीचं, आणि केबल सेट-टॉप बॉक्सची काढून लावलेली. एचडीएमआय १.४ या रिझोल्यूशनला ७५च्या आसपास अडकतं. १४४ला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं, आणि तेही दोन्ही टोकांना. डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात तशीच पडून होती! ती लावली, १४४ निवडलं, आणि पोरगा पाच मिनिटं नुसती स्क्रीनवरची विंडो इकडून तिकडे ओढत बसला. आणखी एक चूक फार दिसते: केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून केबल घेताना "एचडीएमआय द्या" एवढंच म्हणू नका, रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दोन्ही सांगा.

कार्ड १४४ फ्रेम देत नसेल तर? माउसचा बाण आणि पानाचं स्क्रोलिंग तरीही नितळ होतं. गेम ८०-९० फ्रेमवर चालत असेल तर ॲडाप्टिव्ह सिंक कामाला येतं. फ्रेम तयार होईल तेव्हाच मॉनिटर चित्र बदलतो, त्यामुळे ते मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक या नावाने ते मिळतं; मॉनिटरच्या मेन्यूत आणि कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे चालू करा. ताकदवान कार्ड असेल तर फ्रेमची मर्यादा १४० ठेवा, म्हणजे गेम १४४च्या आत, सिंक चालतं त्या पट्ट्यातच राहतो.

दिवसभर टॅली आणि एक्सेलच उघडं असेल तर ७५चा मॉनिटर पुरतो, हे मी कुणालाही सांगेन.

ओव्हरड्राइव्हचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. या सेटिंगमध्ये पिक्सेलने रंग लवकर बदलावा म्हणून त्याला जास्त जोर दिला जातो. तो अति झाला की रंग हव्या त्या छटेच्या पुढे जाऊन मागे येतो आणि हलणाऱ्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली उमटते. खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' हा वेगाचा आकडा पुष्कळदा याच टोकाच्या सेटिंगचा असतो, नाहीतर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, लुकलुकवणाऱ्या मोडचा. त्या मोडमध्ये उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरांवर ॲडाप्टिव्ह सिंकही बंद पडतं. मधल्या पायरीपासून सुरुवात करा आणि करड्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या अक्षरांचं पान हळूहळू स्क्रोल करून बघा. मामेभावाच्या मॉनिटरवर मधलीच पायरी नीट बसली. सगळ्यात वरची लावली की प्रत्येक अक्षरामागे पांढुरकी कड उमटत होती.