‘कधीच’ हा शब्द मागे घेतो, प्रश्न नाही

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून आभाराच्या दोन ओळी लिहून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की मेंदूचा कितीही अभ्यास झाला तरी जाणिवेचा उलगडा कधीच होणार नाही. त्यावर तुम्ही लिहिता, की दोनशे वर्षांपूर्वी जीवनाबद्दलही लोक हेच म्हणायचे. सजीवांत काही वेगळी प्राणशक्ती असते असं मानायचे. रसायनशास्त्र पुढे गेलं आणि ती शक्ती गळून पडली. जाणिवेचंही तसंच होईल, वेगळा असा ‘प्रश्नच नाही’, आणि तोवर माझ्यासारखे लोक गूढवाद्यांच्या हाती आयतं कोलीत देत राहतील.

‘कधीच’ हा शब्द चुकला, हे मान्य. तो लिहिताना माझ्याकडे पुरावा नव्हता, फक्त खात्री वाटत होती, आणि खात्री वाटणं हा पुरावा नव्हे. तो शब्द मी मागे घेतो.

पण प्राणशक्तीचं उदाहरण तुम्हाला वाटतं तितकं चपखल बसत नाही. फ्रीडरिश व्योलर या रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये युरिया, म्हणजे सजीवांच्या शरीरात बनणारा पदार्थ, प्रयोगशाळेत तयार केला. त्याने प्राणशक्ती एका दिवसात संपली नाही, पण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ती निरुपयोगी ठरली. का ठरली? कारण लोकांना जे कोडं पडलं होतं ते सगळं शरीर काय *करतं* याबद्दलचं होतं. ते वाढतं कसं, जखम भरते कशी, बीजातून तसाच जीव कसा निपजतो? या प्रत्येक ‘कसं’ला यंत्रणा सापडली आणि विचारायला काही उरलं नाही. जाणिवेच्या बाबतीत कोडं निराळं आहे. बोट भाजल्यावर हात मागे कसा येतो, तो प्रसंग लक्षात कसा राहतो, मी ‘आई गं’ कसं म्हणतो, हे सगळं समजलं तरी एक गोष्ट उरते: हे सगळं होताना दुखतं का? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं ते याच अर्थाने.

आणि हा प्रश्न विचारणारा गूढवादीच असतो, हे तर मुळीच खरं नाही. एमिल द्यु ब्वा-रेमों हे नाव घ्या. मज्जातंतूंमधून जाणारे संदेश विजेचे असतात हे प्रयोगांनी दाखवणाऱ्यांत तो अग्रणी होता, आणि प्राणशक्तीचा कट्टर विरोधक होता. तुमच्या बाजूचाच माणूस म्हणा ना. त्यानेच १८७२ च्या भाषणात सांगितलं, की मेंदूतल्या कणांची हालचाल आणि ‘मला वेदना होते’ हा अनुभव यांच्यामधला दुवा आपल्याला ठाऊक नाही आणि ठाऊक होणारही नाही. ‘होणारही नाही’ म्हणताना त्यानेही माझीच चूक केली, असं आता मला वाटतं. पण दुवा दिसत नाही, हे त्याचं निरीक्षण खरं होतं.

तुम्ही पुढे लिहिता, ‘मेंदूला इजा झाली की जाणीव जाते, मग आणखी काय हवं?’ मेंदूशिवाय जाणीव असते असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण मेंदूचा कुठला भाग गेल्यावर काय जातं, हे पाहिलं की कोडं उलट गडद होतं. आपल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागच्या-खालच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. तरीही अनुमस्तिष्काला मोठी इजा झालेल्या माणसाचा तोल जातो, बोलणं अडखळतं, पण त्याचं अनुभवविश्व जवळपास शाबूत राहतं. म्हणजे पेशींची नुसती संख्या कामाची नाही. मग काय कामाचं? जोडणीची रचना? संदेशांचं उलटसुलट फिरणं? या प्रश्नावर दोन मोठे सिद्धांत समोरासमोर उभे केले गेले. दोन्ही बाजूंनी भाकितं आधीच ठरवून दिली होती. २५६ जणांवरच्या त्या प्रयोगांचा निकाल २०२५ मध्ये छापून आला, आणि त्यात दोघांचीही काही महत्त्वाची भाकितं चुकली. माझ्या मते विज्ञान असंच चालावं, आणि ते चालू नये असं मी कधी म्हटलेलं नाही.

अंधदृष्टीचा, म्हणजे दिसल्याची जाणीव नसतानाही पाहिल्यासारखं वागता येण्याचा, विचारही करून पाहा. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी एका रुग्णाचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेनंतर त्याला डाव्या बाजूचं बहुतांश दिसत नव्हतं. त्या बाजूला प्रकाशाचा ठिपका दाखवून ‘अंदाजाने बोट दाखव’ म्हटलं, की त्याचं बोट बऱ्याच अंशी बरोबर जागी जायचं. ‘काही दिसलं का?’ तर नाही. बोट बरोबर गेल्याचं कळल्यावर तो स्वतःच चकित झाला. काम झालं, अनुभव नाही. तुम्ही म्हणाल, आपणहून तो त्या बाजूची वस्तू उचलायला जात नाही, म्हणजे त्याचं कामही अपुरंच होतं. बरोबर आहे. पण मग दिसण्याच्या अनुभवाने नेमकी कुठली भर पडते, हेच तर मी विचारतो आहे.

हा माझ्यासाठी केवळ बुद्धीचा खेळ नाही. आई अखेरच्या दिवसांत अतिदक्षता विभागात होती. ‘त्यांना आता काही कळत नाही,’ असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण ‘कळत नाही’ आणि ‘कळल्याचं दाखवता येत नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मेंदूवैज्ञानिक एड्रियन ओवेन यांच्या गटाने २००६ मध्ये निश्चेष्ट मानलेल्या एका तरुणीला मेंदूचा कुठला भाग काम करतो आहे हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात ठेवून टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं. तिच्या मेंदूतला हालचालींचं नियोजन करणारा भाग धडधाकट माणसासारखाच जागा झाला. डोळ्यांतून, हातातून काहीच उमटत नव्हतं, आणि आत कुणीतरी ऐकत होतं, असं मानायला सबळ कारण मिळालं. मी आईशी शेवटपर्यंत बोलत राहिलो. तिच्यापर्यंत काही पोहोचलं का, हे सांगू शकेल असं मोजमाप त्या खोलीत नव्हतं.

म्हणून ‘प्रश्नच नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. जाणीव म्हणजे अमुक काम, एवढंच धरलं तर जो काम करून दाखवू शकत नाही त्याला आपण आधीच वजा करून टाकतो. तुम्ही एवढं जरूर लिहा: कुठलं निरीक्षण हाती आलं तर हा प्रश्न सुटला असं तुम्ही मानाल? सबंध प्रतिक्रियेत मला त्याचं उत्तर सापडलं नाही.