प्रतिक्रियेला उत्तर : चाक का कापलं

महोदय,

(आपण नाव दिलेलं नाही, म्हणून महोदय.)

इंदूरजवळच्या सिमरोलच्या घाटात तडकलेलं माझ्या सायकलचं मागचं कार्बनचं चाक मी कापून टाकलं, त्याबद्दलच्या लेखावर आपली प्रतिक्रिया आली. आपण लिहिता : "एका केसाएवढ्या चिरेसाठी २८,००० चं चाक करवतीनं कापणं ही बापकमाईवर जगणाऱ्यांची चैन आहे. कार्बन दुरुस्त होतो, विमानाचे पंखसुद्धा दुरुस्त करतात. आणि कार्बन वितळतो असं लिहिणाऱ्यानं सायकलींवर लिहूच नये."

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. कार्बनचा धागा वितळत नाही. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की रिम तापते, आणि मऊ पडतं ते धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन. माझं क्रियापद चुकलं. लेखात दुरुस्त केलंय. "लिहूच नये" हे न लिहिताही ही चूक दाखवता आली असती.

आता 'बापकमाई'.

माझे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. देणी कधी मिळतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग वडिलांनी घराच्या ओट्यावर सायकलदुरुस्ती सुरू केली. पंक्चरसाठी पाण्याची घमेली भरून ठेवणं हे शाळेतून आल्यावरचं माझं काम. काळ्या उंच सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, हे मी पाढ्यांच्या जोडीनं शिकलो. खड्ड्यात आपटून वाकलेली लोखंडी रिम वडील लाकडी ठोकळ्यावर धरून ठोकत, मग सायकल उलटी करून तारेच्या टोकाचं एकेक निपल पाव-पाव फेरा फिरवत आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढत. तीनतीनदा सरळ केलेल्या रिमा आमच्या ओट्यावरून पुन्हा रस्त्यावर गेल्या आहेत. टायर फाटलं तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून आणखी एक पावसाळा काढायचा. अशा घरात वाढलेला माणूस स्वतःच्या पगारातून १४ महिने पैसे बाजूला टाकून चाक घेतो, आणि त्यालाच करवत लावतो, तेव्हा ती चैन असते? आपल्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं, हे मान्य. मग बापापर्यंत जायचं कशाला?

ओट्यावर शिकलो म्हणूनच सांगतो, लोखंड वाकतं आणि वाकलेलं दिसतं. ॲल्युमिनियमसुद्धा बहुधा आधी पोचा दाखवतं. कार्बनचे आतले थर सुटले तरी बाहेरून आकार तसाच राहू शकतो, आणि मग एक दिवस ते पूर्वसूचना न देता तुटतं. माझी चीर टायर अडकतं त्या कडेपासून तारेच्या भोकापर्यंत गेली होती. बाहेरून केसाएवढी, खरंच. पण आतली टेप काढली तेव्हा थर दोन बोटं रुंद उघडलेले दिसले, आणि अंगठा दाबला की कड हलत होती. नाण्यानं ठोकत गेलो तर सगळीकडे टणक आवाज आणि तिथे बद्द. (नाण्याचा आवाज एकटा पुरावा नाही, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं.) त्या रिमवर गिअरच्या बाजूची प्रत्येक तार सुमारे १०० किलोंच्या ताणानं ओढत असते, आणि टायरमधली हवा दोन्ही भिंती बाहेर ढकलत असते. माणूस बसण्याआधीच एवढं.

विमानाच्या पंखांचं काय ते थोडक्यात. तिथे खराब थर घासून काढतात, नवे थर ठरलेल्या दिशेनंच बसवतात, निर्वात पिशवीखाली उष्णता देऊन कडक करतात आणि मग अल्ट्रासाउंडनं तपासतात. दुकानातून एपॉक्सीच्या दोन ट्यूब आणून चीर बुजवणं म्हणजे ते नव्हे. तुटलेले धागे त्यानं जुळत नाहीत. यावर जास्त लिहीत नाही.

आणि का कापलं, हे आपण विचारलंच नाहीत. आमच्याबरोबर रविवारी जानापावच्या डोंगरावर सायकलनं येणारा कॉलेजातला एक मुलगा चाक मागायला आला होता. "दादा, पाच हजारांत द्या, मी चिकटवून घेतो." नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. भंगारात दिलं असतं तरी फिरून त्याच्याकडे किंवा त्याच्यासारख्या कुणाकडे गेलं असतं, वर काळा रंग मारून. म्हणून मास्क लावून, पाणी मारत, रिमचे चार तुकडे केले.

फक्त रिमचे. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मी काढून ठेवला आणि त्याच हबवर ॲल्युमिनियमची रिम चढवली. तारा नव्या घ्याव्या लागल्या, कारण या रिमची खोली वेगळी, म्हणून तारांची लांबीही वेगळी. वडील आता ७६ वर्षांचे आहेत. नजर कमी झालीय, म्हणून एकेक तार बोटानं छेडून, आवाजावरून कोणती सैल ते सांगत होते आणि मी पाना फिरवत होतो. दोन तास लागले. हेसुद्धा मूळ लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत, हे उघड आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर कार्बनबद्दल हवं ते लिहा, माझ्या वडिलांबद्दल नको.